येणारी नस

पायलनं दप्तर दवाखान्याच्या पलंगावर निजलेल्या बाबांच्या नडगीवर ठेवलं, स्टूल ओढलं आणि बारावीचं जीवशास्त्र मांडीवर उघडलं. दप्तरात फिजिक्सची दोन जाडजूड पुस्तकं, स्टीलची पाण्याची बाटली आणि डबा. डब्याची कडा नेमकी हाडावर आली.

प्रेमानंदनं दोनदा पापण्या मिटल्या. थांबून पुन्हा दोनदा.

"नाही म्हणता? बरं, धडा राहू द्या मग. काजलचं सांगते. काल लॅबमधी तिनं सरांच्याच बुटावर शाई सांडली."

ती सांगत सुटली. तिला सांगायला फार आवडायचं, आणि या वर्षी तर तिला सगळं येतच होतं.

अठरा दिवसांपूर्वी हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये जळलेल्या मोटारीत नवी गुंडाळी भरताना तांब्याची तार त्याच्या बोटांतून सुटली होती. मग पाय गेले, मग आवाज. श्वासासाठी गळ्यात नळी बसली, चेहरा ओल्या मातीसारखा जागच्या जागी बसला. उरल्या पापण्या. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, ही व्यवस्था पायलची. अख्ख्या वॉर्डानं तिचं कौतुक केलं होतं. त्या भाषेतली खोट एकट्या प्रेमानंदला ठाऊक होती. त्या भाषेत फक्त उत्तरं देता यायची. विचारता काहीच यायचं नाही.

आजार मात्र त्याला लगेच समजला होता. डॉक्टर म्हणाले, नसेवरचं आवरण झडलंय. बावीस वर्षं मोटारी भरणाऱ्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? तार शाबूत, वॉर्निश गेलं. करंट वाटेतच गळतो आणि मोटार नुसती घूं करत बसते.

एव्हाना पायल काजलवरून पुन्हा धड्यावर आली होती. तिनं दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरली होती, मध्ये केसाएवढी फट ठेवून.

"नस संपते न बाबा, तिथं करंटबी संपते. मग ती बारीक बारीक पिशव्यांतून रसायन सोडते. ते फटीतून पलीकडं पोचलं का बोट हलते. तुमचं फटीपर्यंतच काही येऊन नाही राहिलं. रस्ताच बंद आहे."

मग हा डबा कोणत्या रस्त्यानं येतो गं माझ्यापर्यंत, असं त्याला विचारायचं होतं. चादरीची चुणी, पंख्याचा वारा, नडगीवरचं दप्तर, सगळं पोचत होतं. उलट पहिल्यापेक्षा जास्त टोचत होतं. पण तिच्या पुस्तकात एकाच नसेचं चित्र होतं आणि ती बंद पडली होती.

त्याची बायको प्रेमिला संध्याकाळी मिहानमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनची ड्युटी करून यायची. पहिले काही दिवस ती आल्या आल्या त्याचे तळपाय दोन्ही हातांत घ्यायची. तिच्या हाताला कांद्याचा वास असायचा. त्या अर्ध्या तासासाठी तो दिवस काढायचा. एकदा पायल म्हणाली,

"आई, राहू दे वं. त्यायले काही लागून नाही राहिलं. दिवसभर उभी असतेस, उगाच तुलेच शीण."

प्रेमिला तशीच थांबली.

"खरंच काही लागत नाही?"

तिनं विचारलं, पण लेकीकडं बघून. लेकीनं मान हलवली. प्रेमिलानं पाय अलगद खाली ठेवले, चादर नीट केली आणि हात पदराला पुसले. त्यानं त्या संध्याकाळी कितीतरी वेळा पापण्या मिटल्या. डोळे कोरडे झाले असतील म्हणून सिस्टरनं औषधाचे थेंब टाकले.

तेव्हापासून त्याला हात लागायचे ते कामाचे. कूस बदलणारे, सुईसाठी शीर शोधणारे. आणि दुपारी हे दप्तर.

गुरुवारी दुपारी नसांची तपासणी करणाऱ्या नीला मॅडम मशीनची ट्रॉली ढकलत आल्या. त्यांनी मशीन लावायच्या आधी गरम पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला आणि प्रेमानंदचा हात त्यात गुंडाळून आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"हे काहून?" पायलनं विचारलं.

"थंड हातात सिग्नल हळू जातो. मग चांगली नसही मशीनला आजारी दिसते."

त्यांनी चांगली पाच-सात मिनिटं हात धरला. इकडचं तिकडचं बोलत, त्याच्याकडं न बघता. प्रेमानंद छताकडं बघत होता. टॉवेल आणखी थोडा वेळ निवू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"दादा, आता झटका लागेल बरं का."

"त्यायले काही लागत नाही, मॅडम."

नीला मॅडमनी नुसतं हूं केलं. अंगठ्याच्या उंचवट्यावर पट्टी चिकटवली, मनगटावर झटका दिला. पडद्यावर रेघ आडवीच्या आडवी. पुन्हा दिला. रेघ जराशी थरथरून निजली.

"ही जाणारी नस. मेंदूचा हुकूम नेणारी. हिचं बरंच बिघडलंय. भरून येईल, पण वेळ घेईल."

मग त्यांनी त्याच्या बोटात दोन कड्या अडकवल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर एक छोटी, नीटस टेकडी उभी राहिली. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच.

पायल पुढं वाकली. "हे काय आहे?"

"येणारी नस. बोटाकडून वर बातमी नेणारी. ही वेगळी असते, बेटा. ही ठणठणीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या बाबाले सगळं समजते. हात लावला, चिमटा काढला, सगळं."

"आज?"

"आज काहून? पहिल्या दिवसापासून."

नीला मॅडमनी पट्ट्या सोडवल्या, वायरी गुंडाळल्या, ट्रॉली दाराबाहेर नेली. मग पायलनं दप्तर उचललं. खांद्याला न लावता ते छातीशी कवटाळलं, आणि पलंगापासून दोन पावलं मागं सरकून उभी राहिली.

पायलला कळलं, तिनं आईलाही सांगितलं असेल, या आनंदात प्रेमानंदनं ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्याची चूक त्याच्या लक्षात आली. पायल दारातूनच "बाबा" म्हणाली आणि दप्तर जमिनीवर ठेवून स्टूल भिंतीशी घेऊन बसली. संध्याकाळी प्रेमिला आली, तिनं चादर दोन बोटांच्या चिमटीत धरून इतकी जपून सारखी केली, की बोट कुठं लागलंच नाही. त्याला दुखेल म्हणून आता त्याला कुणी हात लावत नव्हतं. नडगी रिकामी होती आणि ती त्याला जड वाटत होती.

शनिवारीही तेच. पायल पुस्तक उघडून बसली, पण मोठ्यानं वाचेना. बराच वेळ एकच पान. शेवटी ती उठली, त्याच्या नजरेसमोर येईल अशी उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"बाबा, एक विचारू?"

एकदा.

"मी रोज दप्तर ठेवत होती न. इतके दिवस. दुखत होतं?"

इतक्या दिवसांत त्याला हवा होता तो प्रश्न हाच. कोणी कधी तो विचारला नव्हता. नळीतून श्वास आत गेला, बाहेर आला.

प्रेमानंदनं पापण्या मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या.

"बिलकूल नाही?"

दोनदा.

पायलनं मोठा श्वास सोडला. मनगटानं नाक पुसलं. स्टूल ओढत पलंगाशी आणलं.

"मले वाटलं, मेली आता मी. दोन दिवस मी जेवली नाही, तुम्हाले माहीत आहे? आईले सांगू नका." ती जराशी हसली. "आणि काजलचं पुढं ऐका न. सरांनी ते शाईचे बूट घालूनच परीक्षा घेतली..."

बोलता बोलता ती पुढं वाकली आणि कोपर त्याच्या नडगीवर टेकवलं. अख्खा भार टाकून, हनुवटी तळहातावर घेऊन. कळ सरळ वर आली, मांडीतून पाठीत, पाठीतून डोक्यात. कोपर मात्र ऊबदार होतं.

ती सांगत होती आणि अधूनमधून त्याच्या डोळ्यांकडं बघत होती. त्याचे डोळे कोरडे पडत आले, झोंबायला लागले. तरी तिला वाटेल आपण काही म्हणतोय, म्हणून त्यानं पापणी लववली नाही.