आठ दिवस गप्प

मला गप्प बसता येत न्हाई. आई म्हणायची, हौसाच्या तोंडाला कुलूप लावलं तर ती किल्लीलाबी बोलून बोलून वळवंल. आमच्या मालकांनी बावीस वर्षं हे तोंड ऐकलं, कधी तक्रार केली न्हाई. म्हणून तर त्यांचं गप्प होणं मला लवकर कळलंच न्हाई. दोघांच्या वाटणीचं मीच बोलत होते.

आम्ही मूळचे चंदगडकडचे. मालक गवंडी. कामासाठी गोव्यात डिचोलीला आले आन् मुळगावातच घर केलं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सांगायला लागतंय, केरबा. जांभ्या चिऱ्याची भिंत चढवावी तर केरबानं, असं गाव म्हणायचं. मागच्या शिमग्यानंतर एक दिवस हे उठलेच न्हाईत. ताप न्हाई, मार लागलेला न्हाई, कुणाशी भांडण न्हाई. नुसतं पडून छपराच्या पत्र्याकडं बघायचं. चहा दिला तर प्यायचा, न्हाई दिला तर मागायचा न्हाई. थापी आन् भिंत सरळ हाय का बघायचा दोरीचा ओळंबा कोपऱ्यात धूळ खात पडले. मी आधी ओरडले, मग रडले, मग देवीला नारळ बोलले. गणपतीची चतुर्थी आली आन् गेली, तरी तेच. मग एका सकाळी ते म्हणाले, "हौसा, मी असलो काय, नसलो काय, कुणाला फरक पडत न्हाई." लुगडं बदलायलाबी थांबले न्हाई, हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

मोठ्या डॉक्टरांनी उदासीचा आजार म्हणून गोळी चालू केली आन् दर बुधवारी सेजलकडं बसायला सांगितलं. सेजल म्हणजे तिथं रोग्यांशी बोलायला बसणारी, पेडण्याकडची पोरगी, माझ्या भाचीएवढी. मला वाटलं, ही काय औषध देणार? तिनं दिली शंभर पानी वही. मनात जे येईल ते लिहायचं, त्यावर आपला विश्वास शंभरातला किती ते लिहायचं, मग एका बाजूला ते खरं असल्याचा पुरावा आन् दुसऱ्या बाजूला खोटं असल्याचा. ती म्हणाली, मन सांगतं ते सगळंच खरं असतं असं न्हाई, केरबादादा, आपण तपासून बघू. त्यावर आमचे मालक म्हणाले, भिंत डोळ्याला सरळच दिसती, ओळंबा सोडल्यावर कळतं. किती महिन्यांनी एवढं लांब वाक्य बोलले होते ते. मी तिथंच पदर तोंडाला लावला.

ते चौथी शिकलेले, मी सातवी, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या पानावर त्यांनी सांगितलं, 'माझी कुणालाबी गरज न्हाई.' शंभरातले पंच्याण्णव. खऱ्याचा पुरावा भराभर आला. फोन वाजत न्हाई, कामाला कोण बोलवत न्हाई, सात महिन्यांत कोण दारात आलं न्हाई. खोट्याची बाजू कोरीच. मला ते बघवंना, म्हणून मीच लिहून टाकलं, 'हौसाला गरज हाय, गावाला गरज हाय, सगळ्यांना हाय.' सेजलनं बुधवारी बरोबर पकडलं आन् ती ओळ खोडायला लावली. म्हणाली, हौसाताई, अक्षर तुमचं चालंल, पण पुरावा त्यांना दिसला पाहिजे.

मग तिनं एक काम दिलं. रोज संध्याकाळी घराबाहेर पडायचं, एका ठिकाणी जाऊन यायचं. काय होईल असं वाटतंय ते आधी लिहायचं, आन् काय झालं ते नंतर. ह्यांनी लिहायला सांगितलं, 'कोण ओळखसुद्धा देणार न्हाई.'

आता मी काय केलं ते सांगते, हसायचं न्हाई. मी सकाळीच चप्पल अडकवली आन् तीन ठिकाणी जाऊन आले. पावाच्या दुकानात गौरेश, किराणावाले बाबुराव, आन् देवळापुढच्या कट्ट्यावर बसणारे शांताराम. तिघांना हात जोडून सांगितलं, मालक आले की म्हणा, केरबा, तुझ्याबिगर गावाला शोभा न्हाई. बिचारे हो म्हणाले.

पहिल्या दिवशी गौरेशनं पावाबरोबर ते वाक्य दिलं. ह्यांनी घरी येऊन आकडा ऐंशीवर आणला. दुसऱ्या दिवशी बाबुराव, पासष्ट. मी त्या दिवशी शेवयांची खीर केली, स्वतःवरच खूश होऊन. तिसऱ्या दिवशी शांताराम. आता हा शांताराम जन्मभर कोकणी बोललेला माणूस, त्यानं ते वाक्य शब्दाला शब्द, माझ्या चंदगडी हेलात म्हणून दाखवलं.

मालक घरी आले, चप्पल दारात काढली आन् विचारलं, "हौसा, किती जणांना सांगितलंस?"

मला त्यांच्याशी खोटं बोलता येत न्हाई. तिघांना, म्हणले.

"शंभर लिही," ते म्हणाले. "आता माझ्यासाठी बायकोला दारोदार जावं लागतंय."

भिंतीकडं तोंड करून पडले. बुधवारी दवाखान्यात यायला तयार न्हाईत. बरं करायला गेले आन् होतं ते बी घालवलं. गोळी घेतात तेवढंच, पुढं तीबी सोडली तर ह्या माणसाला परत आणायचं कुठून?

मी एकटीच सेजलकडं गेले आन् सगळं ओकले. ती रागावली न्हाई. तिनं नवं पान काढलं, माझ्यासाठी. विचारलं, तुमच्या मनात काय येतंय? मी म्हणले, "मी हात सोडला तर ते बुडतील." किती खरं वाटतं? शंभर. मग ती म्हणाली, तपासू या का? आठ दिवस ह्यांच्यासाठी कुणाशी बोलायचं न्हाई, ह्यांना ढकलायचं न्हाई, ह्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं न्हाई. जेवण, गोळी, नेहमीचं सगळं चालू. जिवाचं बरंवाईट करायचं काही बोलले तर मात्र गप्प बसायचं न्हाई, त्याच मिनिटाला मला फोन करायचा.

आठ दिवस! त्यापेक्षा उपास परवडला. घरी येऊन मालकांना सांगितलं, मी आता आठ दिवस कुणाला काही सांगणार न्हाई, तुमची शपथ. ते पत्र्याकडंच बघत होते. पहिल्या दिवशी मी जीभ चावली, खरोखरची, रक्त आलं. तिसऱ्या दिवशी बाबुरावांनी विचारलं, केरबा कसा हाय, तर मी म्हणले, त्यांनाच विचारा, आन् साखर घेऊन पळत सुटले. पाचव्या दिवशी मालक अंगणात येऊन बसले. का, कशाला, मी विचारलं न्हाई. चहाचा कप तेवढा शेजारी ठेवला.

सातव्या दिवशी सुलोचना आली. ही आमची शेजारीण. हिच्या कोंबड्यांनी पाच वर्षांमागं माझी मेथी खाल्ली, तेव्हापासून आमच्यात एका अक्षराचं बोलणं न्हाई. कुंपणापलीकडं तिनं खोकलेलंबी मला चालत न्हाई. त्याच्या आदल्या वर्षी हिच्या दारातलं तुळशीवृंदावन मालकांनी बांधलेलं. मालक अंगणात बसलेले, ती कुंपणाशी उभी राहिली, कमरेवर हात. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

"जितो आसा मरे तू?" जिवंत हायस का, म्हणून ती ह्यांच्यावर ओरडली. "माझी तुळस कलली, चार दिसांनी तुळशीचं लग्न. दुसरा गवंडी आणला, त्याने वरून सिमेंट थापलं नि गेला. भेग होती तिथंच आहे. काम तुझं, मग निस्तरणार कोण, माझा नवरा? ऊठ!"

माझ्या मालकाला, आजारी माणसाला, असं बोलती ही बया! माझ्या हातात पोळपाट होता. तोंडाशी सतरा शब्द आले. मी दाराची चौकट घट्ट धरली आन् ते सगळे गिळले.

सुलोचना तरातरा गेली. मालक उठले. मग आत आले आन् माझ्याकडं बघून म्हणाले, "हिला तू सांगितलंस?"

"त्या बाईला? मी मेल्यावरबी बोलणार न्हाई तिच्याशी."

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसूच होतं ते, मला ओळखता येतंय. त्यांनी कोपऱ्यातला ओळंबा उचलला, फुंकर मारली, थापी घेतली आन् गेले. मी मागनं गेले न्हाई. तासाभरानं कुंपणापलीकडनं भांडण ऐकू आलं. ती म्हणत होती वरच्यावर लिंप, हे म्हणत होते पायापासनं काढायला पाहिजे, तुला कळत न्हाई तर गप बस. मालकांचा आवाज चढलेला! शिमग्यापासनं तो आवाज मी ऐकला नव्हता. नळाखाली भांडी तशीच ठेवून मी पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशीबी गेले. संध्याकाळी हाताला चुना लागलेलाच, वही मागितली. मी पेन घेऊन बसायला गेले तर म्हणाले, मी लिहितो. एकेक अक्षर चिरा बसवावा तसं बसवत होते. पहिलं पान उघडून आकड्याच्या जागी साठ लिहिलं. मग खोट्याच्या बाजूला, माझ्या खोडलेल्या ओळीखाली वळले, लिहून झाल्यावर वही माझ्याकडं सरकवली आन् हात धुवायला गेले.

'१. सुलोचनानं शिव्या दिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

२. हौसा आठ दिवस गप्प बसली. माझ्यासाठी.'

मी ते दोनदा वाचलं. आठवा दिवस अजून सरला नव्हता, म्हणून मी काही बोलले न्हाई.