हिल्का पोहायला गेली
पक्षाघाताचा झटका मला सौनात, तळ्याकाठच्या आमच्या वाफेच्या खोलीत, आला. सौनात बसलं की बोलायचं नाही, हा आमचा रिवाज. प्रार्थनेला बसावं तसं फळीवर गप्प बसायचं, तापल्या दगडांवर पळीने पाणी ओतायचं आणि घाम गाळायचा. तिथे माणसाची वाचा गेली तर शेजारच्याला कळणार कशी?

तासाभरात वाचाही परत आली आणि उजवा हातही. झटका सौम्य होता, नशीबवान आहात, असं डॉक्टर म्हणाले. नशीबवान माणसाची झोप मात्र उडाली. डोळा लागला की सौनातलं तेच दिसायचं. माझं तोंड लोंबतंय, लाळ गळतेय, माझी बायको हिल्का माझ्याकडे टक लावून बघते आणि उठून तळ्यावर पोहायला निघून जाते. दचकून उठावं, तर शेजारी तीच घोरत असायची. शेवटी मी अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. मला फक्त माझ्या बायकोशेजारी निर्धास्त झोपायचं होतं.

त्यासाठी मिर्काकडे जाऊ लागलो. मनाच्या दुखण्यावर उपचार करणारी ही बाई माझ्या लेकीच्या वयाची. दर गुरुवारी डोळे मिटून सगळं पुन्हा सांगायला लावायची, आत्ता घडतंय असं समजून. हिल्का दारातून बाहेर पडते, तिथे मी अडकायचो. ती समजवायची की घाबरलेलं मन रिकाम्या जागा आपल्याच भीतीने भरतं. वाफ होती, अंधार होता, हिल्का न बघताच उठून गेली असेल. चाळीस वर्षं संसार केलेली बायको असं बघून जाईल का? मग ‘हिल्काने मला पाहिलं नाही’ हे वाक्य मी पोपटासारखं घोकलं. वसंत ऋतूपर्यंत ते पटलं आणि मी पलंगावर परतलो.

मग मलाच लाज वाटू लागली. हिल्काची आई अशाच पक्षाघाताने नऊ वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिचं हगणं-मुतणं हिनेच काढलं, आणि अशा बाईवर मी संशय घेतला! रोज सकाळी तिला कॉफी करून द्यायचो आणि माफी मागायचो. कॉफी गार होतेय, एवढंच ती म्हणायची.

मिर्काचा शेवटचा धडा होता, हिल्काबरोबर पुन्हा सौनात बसायचा. शनिवारी बसलो. छाती धडधडली नाही. आनंदाच्या भरात मी रिवाज मोडला.

“इथेच वाटलं होतं मला, की तू बघून निघून गेलीस. येडाच मी.”

हिल्काने पळी बादलीत ठेवली.

“पाहिलं होतं,” ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय.

“आईचंही तोंड असंच लोंबलं होतं. बघताक्षणी कळलं मला. नऊ वर्षं केलं तिचं, आर्वो. पुन्हा तेच करायचं त्राण नव्हतं अंगात. तुझ्या रोजच्या माफ्या ऐकवत नाहीत आता, म्हणून सांगतेय.”

“आणि मी मेलो असतो तर?”

“म्हणून तर सावकाश पोहले.”

तिने दगडांवर आणखी एक पळी पाणी ओतलं. नंतर नेहमीसारखे सॉसेज भाजले, मोहरीची चटणी वाढली. मी खाल्ले.

गुरुवारी मिर्काने विचारलं, ते दृश्य अजून त्रास देतं का. नाही म्हणालो. तिने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. घरी येऊन मी अंथरूण पुन्हा स्वयंपाकघरात नेलं, आणि या वेळी आतून कडी लावली.