पिक्चरमधला ड्रायव्हर

आमच्या वरकुट्याच्या शाळेचे हेडमास्तर माधवराव बारामतीहून येजा करतात. माणूस सरळ, पण जबाबदारी आली की दुसऱ्याच्या गळ्यात घालणार. नववी-दहावीची पोरं युद्धाचा पिक्चर बघायला बारामतीला न्यायची होती आणि निम्म्या पालकांनी नको म्हणून सांगितलं. तर हे कागद घेऊन माझ्या दारात. सोपानराव, तुम्ही कारगिल बघितलंय, आधी पिक्चर बघून या आणि पोरांना चालेल का ते लिहून द्या म्हणाले. कागदावर रकाने पाडलेले: रक्त किती, शिव्या किती, योग्य की अयोग्य. बाजारात बैलाचे दात बघतात तसलं काम.

मी सतरा वर्षं फौजेत होतो, हे खरं. पण आमच्या गावात फौजी म्हटलं की त्यानं गोळ्या घातल्याच असणार. दर पंधरा ऑगस्टला झेंडा माझ्या हातनं, वर शाल-नारळ, आणि भाषणात कुणीतरी मी मारलेल्यांचा आकडा सांगणार. पहिल्या वर्षी चार होते, आता अकरावर गेलेत. मी एकबी सांगितलेला न्हाय. खोडलेला बी न्हाय, आणि ही माझी लबाडीच हाय. फौजेत मी ट्रक चालवत होतो.

नातू दिग्विजय दहावीत हाय. भरतीसाठी रोज पळतो, आबासारखं व्हायचंय म्हणतो. पोराच्या नजरेनं बघून होईल म्हणून त्यालाच संगं नेला.

पिक्चर म्हणजे नुसता धुरळा. हिरोला सहा गोळ्या लागल्या तरी गडी पाच मिनिटं बोलतोय. खऱ्या जखमी माणसाला पाणी मागायला शब्द फुटत न्हाय. पण असू दे, त्यानं पोरं काय बिघडत न्हाईत. मग एक ट्रक आला. वरनं गोळे पडायला लागले तसा ढेरपोट्या ड्रायव्हर किंचाळत उतरला आणि चाकाआड शिरला. हिरोनं त्याला कॉलर धरून ओढला. सगळं थेटर हसलं. दिग्विजय तर मांडीवर थाप मारून हसला. मला मात्र लाज वाटली, आणि राग बी आला, कुणाचा ते कळंना.

परतीच्या इंदापूर एसटीत कागद त्यानंच मांडीवर घेतला. रक्त बऱ्यापैकी, शिव्या चार. योग्यवर खूण करता करता त्यानं विचारलं, "आबा, तुमच्यात बी असला भित्रा ड्रायव्हर होता का?"

गप बसलो असतो तर चाललं असतं. इतकी वर्षं चाललंच होतं की.

"मीच होतो," मी म्हणालो.

त्याला थट्टा वाटली. मग सांगितलं. चार जखमी घेऊन घाट उतरत होतो, मारा सुरू झाला. गाडी सोडून मी खडकाआड पडलो. मारा थांबला तरी उठलो न्हाय. अर्धा तास गेला. ट्रकमधनं एक जखमी हाका मारत होता, ड्रायव्हरसाहेब, चला. दवाखान्यात पोचलो तवा तिघंच जिवंत होते. हाका मारणारा गेला होता. लवकर आणला असता तर वाचला असता, असं एक डॉक्टर दुसऱ्याला म्हणाला. मी तिथंच उभा होतो. उशीर का झाला विचारल्यावर रस्ता बंद होता म्हणून सांगितलं.

लासुर्णे गेलं, निमगाव आलं. पोराच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत होईना. शेवटी तो म्हणाला, "मग आता काय लिहू?"

"लिही, पिक्चर दाखवा. पण पोरांबरोबर मी येणार, आणि पिक्चर सुटल्यावर हे त्यांना सांगणार."

"सगळ्यांसमोर? आबा, मी वर्गात सांगितलंय, अकरा मारलेत म्हणून."

"ठाऊक हाय. तुला लई त्रास होणार."

त्यानं कागद मांडीवर सरळ केला. मग रकाने सोडून कागदाच्या कडेला लिहायला लागला. गाडी हलत होती, अक्षर वाकडंतिकडं येत होतं. मधीच पेन थांबलं.

"त्या हाका मारणाऱ्याचं नाव काय होतं? ते बी लिहितो."

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बिरदेव," मी म्हणालो.