घडीवरची पट्टी

बाइंडरच्या हातात सफाई होती आणि तोंडात त्या सफाईचं कौतुक. फाटकं पुस्तक त्याच्याकडून परत आलं की ते कुठे फाटलं होतं, हे मालकालाही सांगता येत नसे. लेकीने जुन्या बाजारातून दूरच्या उंच डोंगरांचा नकाशा आणला, तेव्हा गडी हरखलाच. नकाशा त्याच्या आजोबांच्या वयाचा, मधल्या घडीवर पार चिंध्या झालेला.

"बाबा, तिकडचा दुसरा नकाशाच मिळत नाही," ती म्हणाली. तपकिरी रेषांवर बोट फिरवत तिने त्याला शिकवलंही. रेषा लांब लांब असल्या की उतार सौम्य, जवळ आल्या की कडा.

त्याने घडीच्या दोन्ही कडा सरळ कापल्या, चिंध्या टाकून दिल्या आणि दोन्ही अर्धे एकमेकांना भिडवून कापडावर चिकटवले. रेषासुद्धा जवळपास जुळल्या. लेक नकाशा घेऊन मैत्रिणीबरोबर डोंगरात गेली आणि हा आल्यागेल्याला त्या जोडाची गोष्ट ऐकवत बसला. "पुरे आता," बायको म्हणायची, "तुमचीच दृष्ट लागेल त्याला."

आज सकाळी लेकीचा निरोप आला. खिंडीत पोहोचलो, दाट धुकं आहे, पलीकडचा उतार नकाशावर अगदी सौम्य दिसतोय, तिकडूनच उतरतो. बायकोने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि तो खुशीत कामाला लागला. एका पुस्तकाच्या पाठीला आतून चिकटवायला कागद हवा होता, म्हणून त्याने कात्रणांच्या टोपलीत हात घातला. बोटभर रुंदीची मळकी पट्टी हाताला लागली. खळ लावता लावता त्याला वाटलं, हिच्यावर चहा सांडलाय. चष्मा पुसून पाहिलं. तपकिरी रेषा होत्या, इतक्या दाटीने की मधला कागद दिसत नव्हता.

दोन सौम्य उतारांच्या मध्ये जे होतं, ते त्याने कापून टोपलीत टाकलं होतं.

खळीच्या हातानेच त्याने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. "काय झालं?" बायकोने दारातून विचारलं. इतका तो जन्मात घाबरला नव्हता. शेवटी एकदाची बेल गेली.

"बाबा?" वाऱ्यात लेकीचा आवाज तुटत होता. "उतरतोय आम्ही. हातभर पुढचं दिसत नाही, पण वाट सोपी आहे."

"आहेस तिथेच थांब. पाऊल उचलू नकोस."

"काय? ऐकू येत नाही."

"थांब म्हणतोय. पुढे कडा आहे, बाळा."

"आवाज तुटतोय, बाबा. धरा हं, जरा पुढे जाते, मग नीट ऐकू येईल."