मामाच्या जिवावर पैज

"कंजूसपणा! दुसरं काही नाही. दुसरं कारण निघालं तर माझं डोकं भादरा!" असं लुओ बोलून गेला आणि चहाघरातल्या बांबूच्या खुर्च्या एकदम करकरल्या. सगळे पुढे सरकले होते ना.

विषय होता लुओच्या मामाचा. कांगमामा, वय अठ्ठ्याहत्तर. नवीन वर्षाच्या तोंडावर या म्हाताऱ्यानं न्हाव्याकडे असतो तसला उघडा, लांब पात्याचा वस्तरा विकत आणला. भाच्यानं दिलेलं दाढीचं चांगलं विजेचं मशीन दिलं ठेवून कपाटात. आधी म्हणे तो कोहळ्याची दाढी करायला शिकला. कोहळ्याला फेस फासायचा, वस्तरा फिरवायचा, एक ओरखडा न येता फेस निघाला की हसायचा. त्या कोहळ्याचं सूप शेजारणीनं प्यायलं, तर तिच्या तोंडातून फुगे यायचे बाकी राहिले होते.

"कंजूसपणा कसला? मागं बाई आहे," चहाघराची मालकीण यानवहिनी म्हणाली. "या वयात पुरुष गालाला जपायला लागला की ओळखावं."

"मामाच्या मागं बाई? वहिनी, त्याच्या मागं फक्त त्याचा खोकला लागतो."

"लाव पैज."

"लावली. कंजूसपणा निघाला तर तुम्ही गल्लीभर किटलीचं झाकण वाजवत फिरायचं, 'लुओ शहाणा, मी खुळी' असं ओरडत. आणि मामाच्या तोंडून दुसरं कुठलंही कारण निघालं तर माझा गोटा. इथंच, सगळ्यांसमोर, याच महिन्यात!"

कोपऱ्यातल्या आपल्या हजामतीच्या खुर्चीत शेंगा सोलत बसलेला पेंगकाका न्हावी च्‌ च्‌ करायला लागला. "अरे गाढवा, वर्षाचा पहिला महिना चालू आहे. यात भाच्यानं डोकं भादरलं की मामा जातो. मी काय हौस म्हणून शेंगा खात बसलोय? दाढी म्हण, करून देतो. डोक्याला मी हात लावणार नाही."

"मग मामालाच विचारू. तो हो म्हणाला तरच," लुओ शहाजोगपणे म्हणाला.

"मंजूर," वहिनी म्हणाली.

लुओला आतून गुदगुल्या होत होत्या. तो काय वेडा होता अशी पैज लावायला? त्यानं दाराला दोन कुलपं घातली होती. एक तर मामा कंजूष, हे नदीच्या पलीकडच्या म्हशींनाही ठाऊक. आणि समजा हरलोच, तर मामा परवानगी देणार? तो? मरणाला इतका भिणारा माणूस अख्ख्या सिचुआन प्रांतात नसेल. लुओची आई चौथ्या मजल्यावर राहायची; आमच्याकडे चार हा आकडा मरणाचा, म्हणून हा सख्खा भाऊ खालूनच हाका मारायचा आणि बहिणीनं दोरीनं सोडलेले डंपलिंग टोपलीतून खायचा. शिंक आली की डॉक्टर. डॉक्टर हसला की दुसरा डॉक्टर. रक्तदाबाचं यंत्र उशाशी, आणि जेवतानाही डाव्या हाताची नाडी उजव्या हातात, त्यामुळे काड्या धरायच्या कशा हा रोजचाच प्रश्न.

आणि केस! लुओचे केस म्हणजे लुओची इस्टेट. त्रेपन्नाव्या वर्षी कावळ्याच्या पंखासारखे काळे. रंगवलेले असतील, पण होते डोक्यावर. संध्याकाळी चौकात गल्लीतली मंडळी नाचायची, त्यात या केसांवरच तो पहिल्या रांगेत होता. पाय काही फारसे ऐकायचे नाहीत त्याचे. याच महिन्याच्या पौर्णिमेला, कंदिलांच्या सणाला, तालुक्याची नाचाची स्पर्धा होती, आणि शेजारी नाचणार होती दोऊबाई, हसली की गालाला खळी पडणारी. टक्कल घेऊन कोण उभं करणार पहिल्या रांगेत?

तरी पण पहिल्या कुलपाला जरा तेल घालून बघावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच धुरावलेले सॉसेज घेऊन तो मामाकडे गेला. दार उघडंच होतं. मामा खिडकीत आरशासमोर. गळ्यात टॉवेल, गालावर फेस, दाराच्या कडीला अडकवलेला, धार लावायचा चामड्याचा पट्टा. वस्तरा कानशिलाजवळून खाली येत होता, चरर्र चरर्र, तांदूळ पाखडल्यासारखा.

"मामा!"

मामानं हनुवटीचं वळण पूर्ण केलं, पातं उचललं, पुसलं आणि मग मान वळवली. "बोल."

"वहिनीनं विचारलं तर सांगायचं, पेंगकाकाला पैसे देणं जिवावर आलं म्हणून वस्तरा घेतला. एवढंच. हे सॉसेज तुम्हाला."

"जिवावर कशाला येईल? केस कापायला जातोच की त्याच्याकडे."

"मग कशाला घेतला?"

"आता ओठाच्या वरचं करायचंय. बोलायला लावू नकोस," मामा म्हणाला. सॉसेज मात्र ठेवून घेतले.

पुढच्या रविवारी चहाघर गच्च भरलं. मामा आला. गाल असे, की माशी घसरावी. वहिनीनं स्वतः कप भरला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कांगदादा, खरं सांगा. वस्तरा कशासाठी? पैसे वाचवायला?"

लुओनं टेबलाखालून मामाचा पाय दाबला.

"पाय काढ रे," मामा म्हणाला. "पैसे कसले? साबण, ब्रश, पट्टा, धारेचा दगड. खर्चच वाढला. त्याचं काय आहे वहिनी, या भाच्यानं दिलेलं मशीन एका हातानं चालायचं. दुसरा हात मोकळा. म्हणून दाढी करता करता मी नाडी मोजायचो. मग छातीत धडधड. मग दिवस गेलाच. एकदा पेंगच्या खुर्चीत बसलो होतो, गळ्यावर वस्तरा होता, आणि ध्यानात आलं, मघापासून आपण आजारीच नाही! म्हटलं, हे रोज सकाळी घरी करावं. वस्तऱ्याला दोन्ही हात लागतात, एक कातडी ताणायला, एक पात्याला. आणि डोक्यात मरणबिरण शिरलं की गाल कापला जातो. मग शिरतच नाही. परवा रक्तदाबाचं यंत्र काढलं तर सेल संपलेले. कधी संपले, देवाला माहीत."

"म्हणजे बाईही नाही?" वहिनी जरा हिरमुसली. मग एकदम उजळली. "पण कंजूसपणाही नाही! लुओ, बस खुर्चीत!"

लुओ उठला. चेहरा असा केला, की शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं माजाँगच्या सोंगट्या खाली ठेवल्या. "केसांचं काय घेऊन बसलात! आत्ता देतो!" त्यानं छातीवर हात मारला. "पण मला एकच मामा आहे हो. माझ्या केसांपायी त्याला काही झालं तर? मामा, तुम्हीच सांगा. तुम्ही नको म्हणा, मी मान खाली घालतो."

मामानं चहाचा घोट घेतला. कपावरचं झाकण नीट बसवलं.

"बस," तो म्हणाला.

"मामा, मराल!"

"अठ्ठ्याहत्तर झाली. तुझ्या केसांनी नाही, तर सॉसेजनं मरेन. बस. आणि पेंग, तू भितोस ना? मग मी करतो. कोहळ्यावर हात बसलाय."

चहाघर खो खो हसलं. लुओनं दाराकडे पाहिलं, तर दारात दोऊबाई उभी. आता पळणार कुठं?

पेंगकाकानं मान वळवून वळवून का होईना, मशीननं केस उतरवून दिले. "माझं बोट लागलं नाही, मशीन लागलं," असं दोनदा बजावलं. मग गरम टॉवेल, मग फेस. मामानं खिशातून आपला वस्तरा काढून पेंगकाकाच्या पट्ट्यावर फिरवला, फट् फट् फट्, आणि टाळू ताणली.

लुओ एवढा गप्प त्याच्या लग्नातही बसला नव्हता. वहिनी काहीतरी टोमणा मारत होती, लोक शेंगा चघळत होते, त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. स्पर्धा, पहिली रांग, खळी, सगळं कुठं गेलं कोण जाणे. नुसती चरर्र चरर्र.

"झालं. एक ओरखडा नाही," मामा म्हणाला. "कोहळ्यापेक्षा सोपं. आत काही नसल्यामुळे असेल."

दोऊबाई खळी पाडून हसली. पुढं आली आणि त्या गुळगुळीत डोक्यावर टिचकी मारून बघितली. मग काय, रांगच लागली. माजाँगवाला म्हातारा तर दोनदा येऊन गेला.

सगळ्यांची हौस फिटल्यावर लुओनं खिशातून लोकरीची टोपी काढली. पैज लावणारा माणूस तो, सोय करून आला होता. टोपी डोक्यावर चढवणार, तेवढ्यात मामाला शिंक आली.

किटली हातात धरून वहिनी तशीच उभी. पेंगकाका तर खुर्चीमागं सरकला. मामा काय करतो इकडे सगळ्यांचे डोळे. नाडी धरतो? डॉक्टर म्हणतो?

मामानं नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"गारठा आहे. टोपी दे इकडे."

आणि भाच्याची टोपी कानापर्यंत ओढून, वस्तरा मिटून खिशात टाकून, तो घरी निघाला. मागून लुओ, उघड्या डोक्यानं, भर रविवारच्या गल्लीतून.