जानेवारीतलं पिंप

"चोवीस," ग्लेनिस स्वतःशीच पुटपुटली आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तिनं पेन्सिलीनं एक टिंब काढलं.

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि बाहेर सावलीतसुद्धा पारा एकोणचाळीसवर होता. धुण्याच्या खोलीत, कपडे भिजवायच्या मोठ्या टबात, पंचवीस लिटरचं पांढरं प्लास्टिकचं पिंप उभं होतं आणि त्यात बिअर आंबत होती. झाकणावरच्या वाकड्या नळीतून एक बुडबुडा येई, थांबे, दम खाऊन पुन्हा दुसरा येई. पिंपाला गुंडाळलेली जुनी चादर टबातलं पाणी वर ओढून घेत होती आणि समोरचा पंखा त्या ओल्या चादरीवर वारा सोडत होता. ग्लेनिसनं टबातल्या बर्फ वितळलेल्या पाण्याच्या बाटल्या काढल्या, फ्रीझरमधल्या दगडासारख्या गोठलेल्या सहा बाटल्या आत सोडल्या. तेवढ्यात फोन वाजला. अ‍ॅडलेडहून लेकीचा, नारेलचा.

"आई, अजून तेच चाललंय का तुझं?"

"काय तेच?"

"बिअर गं. जानेवारीत, टॅलिंगाच्या ऐन उन्हाळ्यात! बाबा असते तर हसले असते."

"बाबा असते तर त्यांनीच केली असती. मला करायला लागली नसती."

"पण तू तर पीतसुद्धा नाहीस."

"चाळीस वर्षं लोकांना औषधं पाजली, त्यातलं मी काय काय प्यायले?" ग्लेनिस म्हणाली. "ठेव आता. साडेबाराला पुन्हा बाटल्या बदलायच्यात."

नारेलचं चुकत नव्हतं. नेव्ह टलक, ग्लेनिसचा नवरा, रेल्वेच्या रुळांवर काम करून निवृत्त झालेला माणूस. बिअर तो एप्रिल ते सप्टेंबर एवढ्याच काळात लावायचा. उन्हाळ्यात हात लावायचा नाही. अठरा-वीस अंशांत बिअर शहाण्यासारखी आंबते, तीसला गेली की वेड्यासारखी, आणि मग प्यायल्यावर डोकं धरून बसावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पण नेव्ह ऑक्टोबरात गेला. त्याच्यामागे त्याची हत्यारं राहिली, बूट राहिले आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, लोणच्याच्या बाटल्यांआड, एक बरणी राहिली.

बरणीत यीस्ट होतं. दह्याचं विरजण मागच्या दह्यातून राखतात तसं नेव्हनं ते अठ्ठावीस वर्षं राखलं होतं. एका पिंपाच्या तळचा गाळ बरणीत, बरणीतून पुढच्या पिंपात. नववर्षाच्या आवराआवरीत ग्लेनिसच्या हाताला ती बरणी लागली तेव्हा वर तपकिरी पाणी सुटलं होतं आणि खालचा गाळ करडा पडला होता. तिनं झाकण उघडून वास घेतला. मग सिंकच्या तोंडाशी बरणी तिरपी धरली आणि तशीच उभी राहिली. अखेर त्यातला चमचाभर गाळ तिनं माल्टच्या कोमट पाकात सोडून पाहिला. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी काठाला बोटभर फेस दिसला.

जाग आलेल्याला खायला घालावं लागतं. एप्रिल येईपर्यंत ते थांबलं नसतं.

म्हणून हे पिंप. चादर, पंखा, बाटल्या हे सगळं तिनं नेव्हच्या वहीत, सप्टेंबरात अवचित उकाडा झाला तर काय करायचं, ते वाचून केलं होतं. भिंतीवरचा तक्ता मात्र तिचा स्वतःचा होता. इस्पितळात पेशंटच्या पलंगाला लावतात तसा, दर चार तासांनी एक टिंब. नेव्हचा न्यूमोनियाचा तापही तिनं असाच टिपला होता. चाळीसवर गेलेला ताप. पाच दिवस ती त्याच्या कपाळावर पट्ट्या बदलत बसली. पाचव्या दिवशी सकाळी हाताला अंग गार लागलं, तेव्हा इतक्या वर्षांच्या नर्सलासुद्धा क्षणभर वाटलं, उतरला.

दोन दिवस पिंपानं तिचं ऐकलं. एकोणीस, वीस, एकोणीस. मग रात्र उकाड्याची गेली आणि आज चोवीस. तरी नव्या बाटल्यांनी दहापर्यंत एकवीसवर आणलं.

अकरा वाजून गेले आणि पंखा थांबला.

आधी तिला वाटलं प्लग निघाला. मग लक्षात आलं, फ्रिजही गप्प आहे. शेजाऱ्यांचा कूलर गप्प, रस्त्यापलीकडचा गप्प. गावभर वीज गेली होती. बाहेर त्रेचाळीस. रेडिओवर सांगत होते, कुठेतरी तारा तुटल्यात, संध्याकाळ तरी होईल. ती गाडी काढून पेट्रोलपंपावर गेली. बर्फ कधीच संपला होता. परत आली तर फ्रीझरमधल्या बाटल्यांना घाम फुटलेला. पिंपावर चिकटवलेली तापमानाची पट्टी तेवीस दाखवत होती आणि झाकणावरचे बुडबुडे घाईघाईनं येऊ लागले होते.

गावात अशा वेळी काय करायचं हे ज्याला माहीत असेल असा एकच माणूस तिला आठवला. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता आणि सात वर्षांत तिच्या घराची पायरी चढला नव्हता.

क्लेम हॅरिगन. नेव्हच्या रुळांवरच्या टोळीतलाच, नेव्हचा जिवाचा मित्र. ते विरजण मुळात क्लेमनंच आणलं होतं. एका म्हाताऱ्या जर्मन बाईकडून, जॅमच्या बरणीत, ओल्या मोज्यात गुंडाळून, गार्डाच्या डब्यातून. राखलं नेव्हनं, कारण क्लेम पुढे दुसऱ्या टोळीबरोबर कामावर महिनोन्‌महिने बाहेर असे. पण बिअर दोघांची. सात वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत त्यांच्या बिअरला पहिलं बक्षीस मिळालं, निळी फीत लागली, आणि बाटलीपुढच्या कार्डावर नाव होतं एकट्या नेव्हचं. क्लेमनं चारचौघांत नेव्हला चोर म्हटलं. नेव्हनं उत्तर दिलं नाही. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. अंत्यविधीला क्लेम आला होता, चर्चबाहेरच्या झाडाखाली टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि नंतरच्या चहाला न थांबता निघून गेला.

ग्लेनिसनं त्याचं जाळीचं दार वाजवलं. क्लेम बनियनवरच आला.

"काय झालं? पडलीस का कुठं?"

"नाही. बिअर लावलीय मी."

क्लेम तिच्याकडे बघत राहिला. "कधी?"

"तीन दिवस झाले."

"जानेवारीत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं, ग्लेन?"

"त्याच बरणीतली आहे," ग्लेनिस म्हणाली. "तुमचीच. जिवंत निघाली. आता वीज गेलीय, बर्फ नाही आणि तेवीसवर चढलीय."

क्लेम वळला, आत गेला, शर्ट चढवला, मागच्या शेडमधून तीन गोणपाटं आणि बुडाला भोक असलेला एक पत्र्याचा डबा घेऊन आला. "चल," म्हणाला.

धुण्याच्या खोलीत पाऊल टाकताच त्यानं नाक मुरडलं. "इथं कोंडून ठेवलंयस होय? वारा कुठाय? पंखा बंद पडला की ही खोली म्हणजे भट्टी."

"वहीत असंच लिहिलंय."

"वही विजेवर चालते. उचल त्या बाजूनं. गुडघ्यात वाक, कमरेत नको. आणि हलवू नकोस फार, तळ ढवळेल."

सत्तरीच्या घरातल्या त्या दोघांनी चार वेळा टेकवत पिंप दक्षिणेच्या व्हरांड्यात आणलं, सूर्य उत्तरेकडून जाणाऱ्या त्या मुलखात जिथं दिवसभर ऊन येत नाही. टबही मागोमाग आला. क्लेमनं गोणपाटं बुडवून पिंपाला दोन पदरी गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि वर आढ्याला डबा टांगला. भोकातून पाणी ठिबकू लागलं. पश्चिमेकडून भाजका वारा येत होता. तोंडावर आला की डोळे मिटावेत असा.

"हा वारा?" ग्लेनिसनं विचारलं. "यानं काय गार होणार?"

"जितका कोरडा तितका बरा. रुळांवर असताना लोणी राखायचो आम्ही यावर. फक्त गोणपाट सुकू द्यायचं नाही. सुकलं की संपलं."

मग दोघं पायरीवर बसले. डबा रिकामा झाला की एक जण उठून भरी. तासाभरानं ग्लेनिसनं पट्टी पाहिली. तेवीसच होते.

"उतरलं नाही."

"चढलं पण नाही. बाहेर चव्वेचाळीस आहेत बाई, आणखी काय पाहिजे?"

दुपार पुढे सरकली. कुत्री घरांखालच्या पोकळीत शिरून पडली होती. क्लेम दर थोड्या वेळानं उठून झाकणाला कान लावी आणि मान हलवून परत येऊन बसे. एकदा असाच कान लावून तो म्हणाला, "आवाज तोच आहे." मग जरा थांबून, "नेव्हनं मला दिलेली बरणी त्याच वर्षी गेली. भांडणानंतर राग इतका होता की फ्रिजमधून काढून खिडकीत ठेवली. दोन दिवसांत फुटली."

ग्लेनिसनं हातातला ओला फडका पिळला. पुन्हा पिळला. त्यातून पाणी निघायचं कधीच थांबलं होतं.

"क्लेम, ते कार्ड मी लिहिलं होतं."

क्लेमनं मान वळवली नाही.

"जत्रेचं कार्ड. नेव्हचं अक्षर कुणाला लागायचं नाही म्हणून त्यानं माझ्याकडे दिलं. मी रात्रपाळी करून आले होते. नाव लिहिलं आणि देऊन टाकलं. तुझं नाव नाहीये हे त्याला तिथं जाऊनच कळलं."

"मग बोलला का नाही तो?"

"तू सगळ्यांपुढं चोर म्हणालास. त्याचा ताठा तुला माहीत. घरी आल्यावर मी म्हटलं, मी जाऊन सांगते क्लेमला. तर म्हणाला, राहू दे माझ्यावर, ग्लेन. तुझं नाव यात नको. मग आठवडा गेला, महिना गेला. मग मलाच लाज वाटायला लागली."

क्लेमनं टोपी काढून पायरीवर ठेवली.

"त्या कार्डावर जागा किती होती?" क्लेमनं विचारलं.

ग्लेनिसला खोटं बोलता आलं असतं. छोटंसं कार्ड, एकच ओळ. त्यालाही ते चाललं असतं, असं तिला वाटून गेलं.

"दोन नावं मावली असती," ती म्हणाली. "मीच लिहिलं नाही. जन्मभर तो टोळीतला एक म्हणून राहिला. एकदा तरी कुठंतरी त्याचं एकट्याचं नाव असावं, असं वाटलं मला."

क्लेम उठला. तिला वाटलं निघाला. त्यानं डबा काढला, नळाखाली भरला, परत टांगला आणि सुतळी घट्ट केली. मग खाली बसला, पण एक पायरी खाली.

सहाच्या सुमाराला घरात फ्रिज घरघरला, पंखा फिरला. पट्टी बावीस दाखवत होती. क्लेमनं टोपी उचलली.

"रात्रभर असंच राहू दे बाहेर. सकाळी आत घे."

"चहा घेऊन जा."

"नको," तो म्हणाला आणि गेला. गोणपाटं, डबा, सुतळी सगळं तिथंच राहिलं.

पुढचे दिवस तो आला नाही. ग्लेनिसनं एकटीनं टिंबं काढली, एकटीनं बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली आणि तळचा गाळ दोन बरण्यांत राखला. नारेलला तिनं फोनवर एवढंच सांगितलं की उतरलं. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी तिनं बाटली उघडली आणि उभ्यानंच घोटभर चाखली. चांगलं-वाईट तिला कळण्यातलं नव्हतं, पण नेव्हच्या तोंडाला यायचा तो वास हा नव्हता, एवढं कळलं. तिनं चार बाटल्या आणि एक बरणी टोपलीत घातली, वर घडी केलेली गोणपाटं ठेवली आणि क्लेमच्या घरी गेली.

त्यानं दार उघडलं, टोपलीकडे पाहिलं, बाजूला झाला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी एकच खुर्ची होती. दुसरी त्यानं स्वयंपाकघरातून आणली. त्यानं पेल्यात बिअर ओतून उजेडाकडे धरली, हुंगली, मग घोट घेतला.

"केळ्याचा वास मारतोय."

"त्या दिवशीचा असेल."

"त्या दिवशीचाच. तेवीसला गेलं की येतो." त्यानं आणखी एक घोट घेतला. "पण आजारी नाहीये. पुढची सुधारेल. एप्रिलात लावू."

तिनं टोपलीतली बरणी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं बरणी उचलली, आतल्या पांढुरक्या थराकडे पाहिलं, आत जाऊन फ्रिजमध्ये ठेवून आला.

"कधी विचारायचा का तो माझ्याबद्दल?" खुर्चीत बसता बसता त्यानं विचारलं.

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण दर शनिवारी सामानाला जाताना गाडी याच रस्त्यानं घालायचा. सरळ रस्ता सोडून. मी म्हणायचे, वळसा कशाला? तर म्हणायचा, इकडचा रस्ता बरा आहे."

क्लेमनं खिडकीबाहेर पाहिलं. त्या रस्त्यावर डांबरापेक्षा खड्डे जास्त होते.

"दहाला," तो म्हणाला. "दहा-सव्वादहाला. इथं आला की गाडी हळू करायचा. मला माहीत होतं."

"मग?"

"मग काय. मी बघायचो."

त्यानं पेला खिडकीच्या फळीवर ठेवला. फिकट निळ्या पडद्याची एक कड, बसल्या माणसाचा हात जिथं पोचेल तिथं, हात लागून लागून काळपट पडली होती.