वगळलेली चौदा मुलं

दिव्याच्या रेकॉर्डिंगमध्ये नवव्या सेकंदाला एक थांबा होता, अडीच सेकंदांपेक्षा थोडा कमी. हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला, की त्या थांब्यात तिनं स्वतःशीच पुटपुटलेला आईसाठीचा घरचा शब्द ऐकू यायचा: 'याडी'. आणि मग मोठ्यानं, सावकाश, पण एकही चूक न करता, "आई भाकरी करते."

जयमालाबाईंनी ते चौथ्यांदा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. समोर बासष्ट पानांचा गुळगुळीत अहवाल पडला होता. त्यात दिव्या कुठंच नव्हती.

बी.एस्सी. करून शिक्षिका झालेल्या बाईंना भोसरीतल्या या शाळेत अकरा वर्षं झाली होती आणि दुसरीपासून त्यांच्याकडे असलेला हाच वर्ग आता तिसरीत आला होता. वर्गात एकेचाळीस मुलं. कुणाच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या भोजपुरी. या मुलांसाठी बाईंनी एक पद्धत बसवली होती. मुलानं मराठीत एक ओळ वाचायची, ती शेजारच्याला आपल्या घरच्या भाषेत सांगायची आणि मगच पुढची ओळ घ्यायची. शेजाऱ्याला ती भाषा येवो न येवो. सांगणाऱ्याला ओळ कळली आहे की नाही, ते तेवढ्यात दिसायचं.

दोन वर्षांपूर्वी तनुजा आली ती या पद्धतीची चौकशी करतच. एका संशोधन संस्थेत काम करणारी, पस्तिशीची, बोलकी. संस्थेचा एका ॲप बनवणाऱ्या कंपनीशी करार झाला होता. मूल टॅबलेटवर वाचणार, ॲप ऐकणार आणि मोजणार.

"घरची भाषा वापरली तर वाचन सुधारतं, हे आपण आकड्यांनी दाखवू, ताई," ती म्हणाली होती. "मग तुमच्या तासाला कुणी हात लावणार नाही."

आणि ती नुसती बोलली नाही. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, पालक घरी सापडतात, म्हणून दर गुरुवारी शाळा सुटल्यावर ती बाईंच्या स्कूटरवर मागे बसून भाड्याच्या खोल्या पालथ्या घालायची. दिव्याची आई सरूबाई लातूरकडची, इथं एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला. तिच्या तव्यापाशी मांडी घालून तनुजानं भाकरी खाल्ली, गोरमाटी शब्द वहीत उतरवून घेतले आणि ते चुकीचे उच्चारून सगळ्यांना हसवलं. बाई सहसा कुणाला जवळ करायच्या नाहीत. हिला त्यांनी केलं.

पहिल्या चाचणीतच घोळ झाला. मुलं सवयीनं ओळ वाचून आपापल्या भाषेत सांगू लागली आणि ॲपला काही उमजेना. दिव्याला त्यानं 'वाचता येत नाही' ठरवून टाकलं. बाईंनी लगेच तनुजाला फोन लावला.

"अहो ताई, घाबरता काय! अशा रेकॉर्डिंगवर 'अस्पष्ट' अशी खूण करा. मग ॲप त्यांना गुण देणार नाही, ती वेगळी माझ्याकडे येतील. मी स्वतः ऐकून गुण देईन."

"सगळी ऐकशील?"

"एकूण एक. शब्द देते."

बाईंनी खुणा केल्या. दोन वर्षांत चार चाचण्या झाल्या आणि दर वेळी तीच चौदा मुलं. खूण करण्याआधी प्रत्येक रेकॉर्डिंग त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कारण न ऐकता खूण करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

अहवालाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर, तक्त्याखाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. 'ध्वनी अस्पष्ट असल्याने, शिक्षिकेच्या नोंदीनुसार, चौदा विद्यार्थी वगळले.' उरले सत्तावीस, म्हणजे ज्यांच्या घरी मराठीच बोलतात ते. त्यांची प्रगती लक्षणीय. शेवटच्या पानावर शिफारस होती: जूनपासून वाचनाच्या तासाला बाईंच्या पद्धतीऐवजी ॲप, आणि ज्यांचा आवाज ॲप ओळखत नाही त्यांना वेगळ्या खोलीत बसवून अक्षरओळखीपासून सुरुवात. धडेच्या धडे वाचणारी दिव्या पुन्हा 'अ'वर! त्याखाली सहसंशोधक म्हणून जयमालाबाईंचं नाव आणि सहीसाठी रिकामी रेघ. ती सही झाल्याशिवाय शिफारस पुढं जाणार नव्हती.

अहवाल सोमवारी आला होता. आज शुक्रवार. चार दिवस बाई विचारणाऱ्याला 'वाचतेय' एवढंच सांगत होत्या.

"बाई, झाली का सही?" मुख्याध्यापक सोपानराव दारात उभे होते. भोसरीच्याच जुन्या घरातले. घाई झाली की त्यांची गावची बोली वर यायची. "पाव्हणं आल्यात, हॉलमधी पालक बसल्यात, अन् तुमी हितं गाणी ऐकताय व्हय?"

"सर, तुम्ही हा वाचलात?"

"बासष्ट पानं? अहो, आमी लग्नपत्रिकाबी पुरती वाचत न्हाई. जेवान कुठं हाय तेवढं बघतो." ते स्वतःच हसले, मग आवाज उतरवून म्हणाले, "एकेचाळीस टॅबलेट शाळेलाच ठेवून जाणार हायत. उगं मोडता घालू नका."

जिन्यात तनुजा भेटली. हातात बाईंसाठी आणलेला बाकरवडीचा पुडा.

"ताई! किती वाळलात हो!"

"तनुजा, त्या चौदा मुलांची रेकॉर्डिंग ऐकलीस तू?"

तनुजाचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्यातली ऊब गेली. "छप्पन होती ताई. कंपनीची मुदत होती."

"किती ऐकलीस?"

"पहिल्या फेरीतली तीन... चार."

"त्यात मुलं वाचत होती?"

"वाचत होती. मला माहीत आहे ती वाचतात." तिनं पुडा या हातातून त्या हातात घेतला. "पण ती धरली तर ॲप नापास होत होतं. कंपनी बाजूला झाली असती, सगळंच बंद पडलं असतं. पुढच्या टप्प्यात त्यांच्यासाठी वेगळा प्रकल्प मांडू ना आपण. आणि मी खोटं कुठं लिहिलंय? खुणा तुम्हीच केल्यात."

दिलेला शब्द मोडला, हे बाईंना सोमवारीच कळलं होतं. पण आपला काटेकोरपणाच या मुलांविरुद्ध साक्षीला उभा केला जाईल, हे ध्यानीमनी नव्हतं. चार दिवस त्या मनातल्या मनात तनुजाची बाजू मांडत होत्या. नजरचूक असेल, वरून दबाव आला असेल, समोर भेटली की सांगेल. ती समोर होती आणि तिनं सांगितलं होतं.

"खाऊन घ्या हं, ताजी आहे," तनुजानं पुडा त्यांच्या हातात दिला आणि ती भराभर खाली उतरली.

हॉलच्या दाराशी सरूबाई थांबली होती. कॅन्टीनचा निळा कोट अंगात तसाच.

"बाई, लेकराचं नाव हाय न्हवं त्या पुस्तकात? सुपरवायझरला सांगून आले, माज्या पोरीनं मशिनीला वाचून दावलं म्हून. हसला मेला. म्हनला, तुमची पोरगी अन् वाचती? म्हनलं, पुस्तकच आनून दावते तुला."

"आत बसा, सरूबाई," बाई म्हणाल्या.

समोर पडद्यावर ॲप झळकत होतं. संस्थेचे संचालक बोलले, कंपनीचा माणूस बोलला, टाळ्या झाल्या. मग सोपानरावांनी अगदी पुस्तकी मराठीत जाहीर केलं, "आता आपल्या जयमालाबाई अहवालावर स्वाक्षरी करतील." तनुजानं शेवटचं पान उघडून पुढं सरकवलं आणि पेन दिलं.

एक रेघ भरायची होती. कुणी सत्तेचाळिसावं पान उघडणार नव्हतं. पुढच्या टप्प्याचं आश्वासन होतं, टॅबलेट होते. आणि नाही म्हटलं तर आधी स्वतःचीच चूक भरसभेत सांगावी लागणार होती. बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सरूबाई ताठ बसली होती, नाव पुकारतील म्हणून.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माइक जवळ ओढला.

"या अहवालातून चौदा मुलं वगळली आहेत," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असतो तेवढाच होता. "त्यांच्या आवाजावर 'अस्पष्ट' अशी खूण आहे. ती मी केली. ती रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली जातील, असा मला शब्द दिला होता. ती ऐकली नाहीत."

"ताई, हे आपण नंतर बोलू," तनुजा शेजारून हळूच म्हणाली.

"सरूबाई, दिव्याचं नाव यात नाही. तुमची मुलगी वाचते. चौदाही जण वाचतात, मी प्रत्येकाचं ऐकलंय."

सोपानराव खाकरले. बाईंनी अहवाल मिटला आणि तनुजाकडे सरळ पाहिलं.

"मी यावर सही करणार नाही."